तडजोडीचं चिमूटभर युनिट

रेणुकादास मुखेडकरांना मुखेडकर म्हणून हाक मारणारं माणूस आता कोर्टात उरलेलं नाही. वकील त्यांना 'युनिटकाका' म्हणतात, शिपाई पाठीमागे तेच म्हणतो आणि कॅन्टीनवाला तर तोंडावर म्हणतो. नांदेडहून लातूरकडे जाताना मधल्या एका फाट्यावरून आत वळलं की जे तालुक्याचं गाव लागतं, तिथलं हे कोर्ट. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. मुखेडकरांच्या पेन्शनच्या कागदांवर अजून सह्या व्हायच्या आहेत.

मुखेडकर तिथले सांख्यिकी लिपिक. महिन्यात किती प्रकरणं आली, किती निकाली निघाली, किती तुंबली, याचं विवरण करून जिल्ह्याला धाडायचं हे त्यांचं काम. न्यायाधीशांचं कामही असंच मोजलं जातं आणि ते मोजायचं माप म्हणजे युनिट. साक्षीपुरावे होऊन, वकिलांचे घसे कोरडे पडून निकाल लागला तर भरघोस युनिट. दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं तर चिमूटभर. मिटवलं त्यात न्यायाधीशाला कसले कष्ट, असा त्यामागचा हिशोब. वर्षाअखेर बेरीज होते आणि न्यायाधीशाच्या नावापुढे एक शब्द पडतो, 'पुरेसे' नाहीतर 'अपुरे'. मुखेडकरांच्या मते जगात हे दोनच शब्द कामाचे, बाकीचे वकिलांनी फी वाढवायला काढले.

हे माप ते घरीही घेऊन येत. बायको सरोजिनीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, त्यामुळे मार्क देण्याची सवय त्यांना होती, घेण्याची नव्हती. एकदा जेवताना मुखेडकर बोलून गेले की पुरणपोळी म्हणजे साक्षीपुराव्यानिशी दिलेला निकाल आणि वरणभात म्हणजे नुसती तडजोड. सरोजिनीबाईंनी आठवडाभर दोन्ही वेळा वरणभात वाढला. त्यानंतर त्या घरात युनिट हा शब्द निघाला नाही.

कोर्टात मात्र त्यांचं राज्य होतं. कोणता साहेब कसा, हे ते आकड्यांवरून सांगत. एका साहेबांनी जुन्या फायलींना हातच लावला नाही. सोपी सोपी प्रकरणं वेचली, दंडाचे किरकोळ खटले महिनाअखेरीला शेंगा सोलल्यासारखे सोलले आणि 'पुरेसे' घेऊन बदलून गेले. मुखेडकरांना त्यांचं फार कौतुक होतं. फडताळातल्या जुन्या फायलींवर धूळ चढत होती, पण धुळीला विवरणात रकाना नव्हता.

मग भार्गवी मॅडम बदलून आल्या. नवे साहेब आले की पहिल्या महिन्याच्या विवरणात जरा झुकतं माप घालायचं, अशी मुखेडकरांची रीत होती. माहेरवाशिणीची ओटी भरावी तसं. मॅडमनी ते विवरण परत पाठवलं आणि वर लिहिलं, यातली दोन युनिट माझी नाहीत. मुखेडकरांना घाव बसला. मग एका संध्याकाळी सरोजिनीबाईंना म्हणाले, "एवढ्या नोकरीत माझं विवरण वाचणारा माणूस पहिल्यांदाच भेटला." त्या दिवसापासून ते मॅडमचे झाले.

पण मॅडमना एक खोड होती. त्या ऐकून घ्यायच्या. म्हशीच्या भांडणाची साक्ष द्यायला आलेली बाई म्हशीवरून निघून सुनेवर गेली, तरी मॅडम तिला थांबवत नसत. तिचं सांगून संपलं की बाई म्हणायची, जाऊ द्या आता, मिटवते. लोकांना बरं वाटायचं आणि युनिटांची धूळधाण व्हायची. त्यात आधीच्या ठिकाणी मॅडमना एकदा 'अपुरे' मिळालेलं होतं. दुसऱ्यांदा मिळालं तर बढती अडणार, ही बातमी मुखेडकरांना जिल्ह्यातल्या दोस्ताकडून कळली. मॅडमच्या चेहऱ्यावर त्याची काळजी कधी दिसली नाही. मुखेडकरांच्या चेहऱ्यावर दोघांची दिसायची.

दिवाळी झाल्यावर त्यांनी बेरीज करून पाहिली. खड्डा मोठा होता. भरायचा तर एकच जागा होती, बेलाचं झाड.

बाजारपेठेत गुरुपादप्पा शेटकारांचं किराणा दुकान आणि त्याला लागून अमृतराव बिरादारांचं हार्डवेअरचं दुकान. मध्ये एक बोळ, आणि बोळात आपोआप उगवलेलं बेलाचं झाड. दोघंही महादेवाचे भक्त, दोघांच्याही कपाळावर विभूतीचे पट्टे आणि सोमवारी दोघांनाही ताजी पानं हवीत. कोणी आधी तोडली, कोणी फांदीच मोडली, यावरून सुरू झालं. मग बोळ कोणाचा हा दावा, झाड कापू नये हा दावा, अमृतरावांच्या पत्र्याचं पाणी झाडाच्या मुळात पडतं हा दावा, शिवीगाळीची फिर्याद, तिला उलट फिर्याद, असं करत करत एका झाडाला नऊ प्रकरणं लागली. अगदी पहिल्या दाव्यात एका तरुण साहेबांनी 'जैसे थे'चा हुकूम दिला होता आणि ते बदलून गेले होते. आता ते जिल्ह्याचे मोठे साहेब होते. मधल्या प्रत्येक साहेबांनी ती फाईल उचलून पाहिली, जड लागली म्हणून पुढची तारीख दिली.

मुखेडकरांनी हिशोब मांडला. पुरावे जवळजवळ संपत आलेले. नऊच्या नऊ प्रकरणांत लढून निकाल लागले, की मॅडम 'पुरेसे'च्या पार. अडचण एकच होती, खुद्द मॅडम. त्यांनी दोघा म्हाताऱ्यांना समोरासमोर बसवून बोलतं करायला सुरुवात केली होती. दुसऱ्याच बैठकीत गुरुपादप्पा म्हणाले, सोमवारची पानं न्यायचीत तर नेऊ द्या त्याला. दाराशी उभ्या मुखेडकरांना नऊ निकालांच्या नऊ चिमट्या होताना डोळ्यांपुढे दिसल्या.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या वयाला आणि टेबलाला शोभणारं नव्हतं. संध्याकाळी ते गूळ घ्यायला गुरुपादप्पांच्या दुकानी गेले आणि गूळ बांधून होईतो सहज म्हणाले, "अमृतराव भेटले होते. म्हणून राहिले, अप्पा आता थकले, येतील पाया पडत."

गुरुपादप्पांनी पुडी खाली ठेवली. "कोन थकलं? मी? त्याला म्हनावं, मी अजून लई तारखा चालीन."

तिथून उतरून मुखेडकर शेजारच्या दुकानात खिळे घ्यायला चढले. घरात खिळा ठोकायला भिंत शिल्लक नव्हती, पण निमित्त हवं होतं. अप्पा म्हणतात बिरादारांकडे पुरावाच नाही, म्हणून तडजोडीला टेकले, एवढंच ते बोलले. अमृतराव रागाच्या भरात खिळे मागितल्याच्या दुप्पट तोलून बसले. पुढच्या तारखेला दोघांनीही बैठकीला नकार दिला. मुखेडकर इतके खुशीत होते, की त्यांनी कॅन्टीनवाल्याला आपणहून चहा पाजला.

मॅडमनी मात्र हाय खाल्ली नाही. दोघं बोलत नसतील तर झाडच बघते, म्हणून त्यांनी स्थळपाहणी ठेवली. लघुलेखक रजेवर होता, तेव्हा टिपणं घ्यायला मुखेडकरांना बरोबर घेतलं.

बोळात मॅडम वाकून पाहत होत्या. उन्हाळा तोंडावर आला होता, बाजारातली झाडं वाळून चालली होती आणि हे एवढं हिरवंगार. मातीही ओली होती, दोन्ही बाजूंनी. पाणी कोण घालतं, असं त्यांनी विचारलं. दोघंही आधी पत्र्याकडे बघत राहिले. मग कळलं ते असं, की गुरुपादप्पा दुकान उघडण्याआधी आपल्या बाजूनं एक घागर ओतत आणि अमृतराव दुकान बंद केल्यावर आपल्या बाजूनं. दुसऱ्याला कळू नये म्हणून दोघंही कमालीची काळजी घेत होते. भांडण दोघांचं होतं आणि झाड दोन्हीकडून जेवत होतं.

गुरुपादप्पांनी ओल्या मातीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "एवढं पानी घालतोस, मंग मला थकला म्हनून का सांगून राहिलास?"

"मी कवा म्हनलो? तूच म्हनलास माझ्याजवळ पुरावा न्हाई म्हनून."

"तुला कोनी सांगितलं?"

दोघांच्याही माना एकदमच वळल्या. मुखेडकर त्या वेळी झाडाचा शेंडा फार बारकाईनं तपासत होते.

"काका?" मॅडम म्हणाल्या.

मुखेडकर कळ लावू शकत होते, पण विचारल्यावर खोटं बोलणं त्यांना जमत नसे. त्यांनी सगळं सांगितलं. निकालाची युनिट, तडजोडीची चिमूट, वर्षाची बेरीज, आधीचं 'अपुरे' आणि अडणारी बढती. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारख्या माणसाला मी माझ्या हातानं अपुरं लिहायचं, हे मला होणार नव्हतं."

मॅडमचा चेहरा लाल झाला होता. पक्षकारांच्या आसपास पुन्हा दिसू नका आणि टेबल सोडू नका, एवढंच त्या बोलल्या. मुखेडकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघा म्हाताऱ्यांचं डोकं मात्र दुसरीकडेच चाललं होतं. मॅडम गाडीकडे गेल्यावर अमृतरावांनी मुखेडकरांना बोळातच अडवलं. "म्हंजे आमी भांडलो तर मॅडमला मार्क लई, अन् मिटवलं तर कमी?"

"हाव," मुखेडकर म्हणाले.

"हे कोनी ठरवलं?"

मुखेडकरांनी बोट वर केलं. गुरुपादप्पांनी वर बघितलं, बेलाला नमस्कार केला आणि म्हणाले, देवाचं कायबी असतंय.

पुढच्या तारखेला वकील तडजोडीची पुरसीस, म्हणजे मिटल्याचा लेखी अर्ज, लिहूनच आले होते. पक्षकारांनी सही करायला साफ नकार दिला. आम्हाला लढायचंय, असं दोघंही एका सुरात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ होती. गुरुपादप्पा साक्षीच्या पिंजऱ्यात चढले, शपथ घेतली आणि अमृतरावांवर असे तुटून पडले की वकिलाला प्रश्न विचारायला फट मिळेना. पत्रा, पाणी, फांदी, शिव्या, सगळं झालं. मध्येच दम खायला थांबले आणि खाली बघून म्हणाले, "अजून काय ऱ्हायलं का रे, अमृत?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आज कोर्टात कशानं आलात, असं त्यांनी विचारलं.

गुरुपादप्पांची पंचाईत झाली. कपाळावर विभूती, तोंडात नुकतीच घेतलेली शपथ. "स्कूटरवर," ते म्हणाले.

"कोणाच्या?"

"अमृतच्या." मग विचारल्याशिवायच पुढे म्हणाले, "जेवायलाबी आज त्याच्याकडंच हाय."

सगळं कोर्ट हसलं. मॅडमनी हसू लपवायला फाईल वर धरली, पण फाईल हलत होती. त्या दुपारी नऊच्या नऊ प्रकरणं तडजोडीनं निघाली. मुखेडकरांनी नऊ वेळा चिमूटभर युनिट लिहिलं.

गोष्ट इथंच संपायची, पण म्हाताऱ्यांच्या जिवाला लागलं होतं. आपल्यापायी चांगली बाई नापास होणार, हे त्यांना पचेना. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत दोघं कॅन्टीनमध्ये मुखेडकरांसमोर येऊन बसले. मुखेडकर घाबरून उठलेच. पक्षकारांशी बोलायची त्यांना मनाई होती. गुरुपादप्पांनी हाताला धरून बसवलं. आम्ही आता कसले पक्षकार, ते म्हणाले, निकाली म्हणून तुम्हीच लिहिलंत ना? खड्डा भरायला चिमट्या किती लागतील, असं अमृतरावांनी विचारलं. पुष्कळ लागतील, असं मुखेडकर म्हणाले आणि चहा टाकून टेबलाकडे पळाले.

मग गावानं कधी पाहिली नाही अशी वर्गणी सुरू झाली. गणपतीची पावती फाडत फिरावं तसे दोघं स्कूटरवरून तडजोडी गोळा करत फिरू लागले. अमृतराव चालवायचे, गुरुपादप्पा मागे बसून नाव घेऊन हाका मारायचे. तुझं बांधाचं अजून चालूच हाय का? मिटव की. मॅडमला कमी पडून राहिलंय. कोणी टाळाटाळ केली तर म्हणत, आमचं मिटलं, तुझं काय सोन्याचं हाय? ज्यांची भांडणं नुसती सवयीनं चालली होती त्यांना हे निमित्त बरंच वाटलं. ते दोघं जर एका स्कूटरवर बसू शकतात, तर आपण कशाला तारखा घालवायच्या, असं लोक म्हणू लागले. मार्चात कोर्टाच्या व्हरांड्यात तडजोडवाल्यांची रांग लागली.

मॅडम प्रत्येकाला एकेकटं आत बोलावून विचारत, राजीखुशीनं मिटवताय ना? बहुतेक जण हो म्हणाले आणि ते खरंही होतं. मल्लिनाथ नावाच्या शेतकऱ्याची पाळी शेवटी आली. त्याचा बांधाचा दावा होता. तो म्हणाला, "मिटवतो की मॅडम. न्हाई मिटवलं तर अप्पा दुकानात चढू देईना, अन् अमृतराव खिळा देईना."

मॅडमनी त्याची पुरसीस परत केली. तुझा दावा रीतसर चालेल, म्हणाल्या, आणि दोघा म्हाताऱ्यांना बोलावून अशी तंबी दिली की स्कूटर त्याच दिवशी थांबली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुखेडकरांनी बेरीज केली, मग खालून वर केली, मग दुसऱ्या कागदावर केली. एक चिमूट कमी पडत होती. अगदी मल्लिनाथाएवढी.

टेबल सोडू नका असा हुकूम असूनही ते उठले आणि मॅडमच्या दालनात गेले. मल्लिनाथ बाहेरच बसलाय, आता आपखुशीनं करतो म्हणतोय, असं त्यांनी सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "पहिल्या महिन्यातली ती दोन युनिट आठवतात, काका?"

मुखेडकरांना आठवत होती. त्यांनी विवरण पुढे ठेवलं, मॅडमनी सही केली. मग ते जुन्या फायलींच्या खोलीत गेले आणि तिथं रडले. शिपायानं विचारलं तेव्हा धुळीवर ढकललं.

एप्रिलात जिल्ह्याचे मोठे साहेब वार्षिक तपासणीला आले. आकडे बघताना त्यांचं तोंड आवळत गेलं. मग निकाली प्रकरणांच्या यादीवर त्यांचं बोट थांबलं. ही बेलाची प्रकरणं का, असं त्यांनी विचारलं. मिटली, असं मॅडम म्हणाल्या. सगळी? सगळी. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, चला, बघून येऊ. विवरण घेऊन मुखेडकरांनाही त्यांनी गाडीत बसवलं.

बोळात दोघं म्हातारे एकाच घागरीनं पाणी घालत होते आणि घागर कोणी भरायची यावरून कुरकुरत होते. गुरुपादप्पांनी साहेबांकडे निरखून पाहिलं. केस पांढरे झाले होते, पण ओळख पटली. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि अगदी मनापासून म्हणाले, "साहेब, तुमीच 'जैसे थे' सांगितला होता न्हवं? आमी आजवर तसंच ठिवलं होतं बगा."

मुखेडकरांनी शेंड्याकडे बघायला सुरुवात केली. अमृतरावांनी बेलाचं पान तोडून साहेबांच्या हातावर ठेवलं, मग गुरुपादप्पांनीही एक ठेवलं. परत येताना गाडीत साहेबांनी ती दोन पानं हातातच धरली होती. उतरताना त्यांनी मुखेडकरांना हळूच विचारलं, इतके न्यायाधीश ज्याला हात लावायला भ्यायले ते मिटलं, तर ते लिहायला विवरणात कोणता रकाना आहे? असा रकाना नाही, मुखेडकर म्हणाले. मग शेऱ्यात लिहितो, साहेब म्हणाले. त्यांनी चार ओळींचा शेरा स्वतःच्या हातानं लिहिला, खाली सही केली आणि मॅडमच्या नावापुढे 'पुरेसे' लिहिलं.

महिन्याभरानं मुखेडकरांचा स्वतःचा गोपनीय अहवाल त्यांच्या हातात पडला. निवृत्तीआधीचा शेवटचा, आणि लिहिणाऱ्या मॅडम. त्यांनी तो कोर्टात उघडलाच नाही. घरी येऊन हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि मग सरोजिनीबाईंच्या पुढ्यात ठेवला.

सरोजिनीबाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "आकडे चोख. लोकांत कळ लावण्याची सवय. मात्र लावलेली कळ स्वतःच्या तोंडानं कबूल करतात." कागदाची घडी करत त्या म्हणाल्या, "पहिली दोन वाक्यं मी लग्न झाल्यावर महिन्याभरात लिहून दिली असती. तिसरं मला अजून बघायला मिळालेलं नाही."

मुखेडकर पाटावर येऊन बसले. मग मान खाली घालून म्हणाले, की खरं सांगायचं तर पुरणपोळीपेक्षा त्यांना वरणभातच आवडतो, आणि तो पहिल्यापासून आवडतो. सरोजिनीबाई उठल्या आणि तूप गरम करायला ठेवलं.